आधी चांगला पाय

बाळांनो, आळंद तालुक्यात चार पायांवर उभ्या राहणाऱ्या एकाही जिवाने तुमच्या घोडेआजोबांना आजवर फसवलेलं नाही, आणि दोन पायांवर चालणाऱ्यांपैकी त्यांना फसवायचं कुणी बाकी राहिलेलं नाही. भाजीवाली त्यांना परवाची मेथी आजची म्हणून देते, न्हावी बोलता बोलता एका बाजूचे कल्ले कापायला विसरतो, आणि कुठल्याही लग्नातून त्यांनी स्वतःचीच छत्री परत आणल्याचं मला आठवत नाही. पण रस्त्याच्या पार टोकाला एखादं घोडं निघालेलं असू द्या, आमच्या ओसरीवर बशीतला चहा फुंकत बसल्या बसल्या ते सांगतील, "पुढचा उजवा. नाल ढिला हाय. उद्या पडतोय बघा." आणि दुसऱ्या दिवशी तो नाल खरोखरच पडतो.

नात्याने ते तुमच्या आजोबांचे आतेभाऊ, म्हणजे माझे दीर. मी त्यांना भावजी म्हणते, गाव त्यांना घोडेडाक्टर म्हणतं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन ते आता आमच्या मागच्या गल्लीत राहतात. खरं तर नोकरीची सगळी वर्षं त्यांनी म्हशी आणि शेळ्याच तपासल्या. एखादं घोडं चुकून दारात आलं, तर त्या दिवशी ते घरी जाताना पेढे घेऊन जात. माझ्या जावेने एकदा विचारलं होतं, "अहो, आपल्याला मुलगी झाली तेव्हा पेढे आणलेले मला आठवत न्हाईत, ते?" त्यावर भावजी म्हणाले, "त्या दिवशी घोडं आलं नव्हतं."

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. गाणगापूरला एकदा पौर्णिमेच्या गर्दीत आम्ही सगळे पांगलो. फोन लागेनात. बाकीचे टाचा उंच करून माणसांची डोकी न्याहाळत फिरत होते; भावजी मात्र देवळाबाहेरच्या पायरीवर मान खाली घालून बसले आणि समोरून जाणाऱ्या हजारो पायांतून त्यांनी आम्हाला एकेक करून वेचून काढलं. "या वहिनी. तुमची डावी टाच ओढत येते, लांबून ऐकू येतंय." आमच्याबरोबर त्यांनी सोलापूरकडचे एक अनोळखी गृहस्थही धरून ठेवले होते, कारण त्यांच्या चालण्यावरून गुडघ्याचं दुखणं स्पष्ट दिसत होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना सोडणं भावजींना बरं वाटेना. ते गृहस्थ पुढे तासभर आमच्याबरोबर होते. जेवलेही. तुम्ही व्हिडिओ कॉल करता तेव्हा मागून "चेहरा राहू दे, पाय दाखव" असा जो आवाज येतो, तो ह्याच माणसाचा.

आमच्या एका पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो, तेव्हाची गोष्ट सांगते. मुलीकडच्या एका काकूने जुन्या रिवाजाप्रमाणे मुलीला म्हटलं, "जरा चालून दाखव गं बाई." मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात भावजी बोलले, "थांबा. आधी पोराला चालवा." पोरगा, म्हणजे आमचा पुतण्या, नवी पँट सावरत त्या खोलीत दोनदा फेऱ्या मारून आला. भावजींनी मान हलवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "तळपाय सपाट हायेत. पण स्वभावानं गरीब हाय." मुलीची आजी एवढी हसली, की लग्न तिथेच ठरलं.

आता त्या मशीनविषयी. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. भावजींनी सोनोग्राफीचं एक छोटं यंत्र आणलं. डब्याएवढं, वर पडदा, आणि वायरीच्या टोकाला साबणाच्या वडीसारखा एक तुकडा. तो घोड्याच्या पायावर फिरवला की आतल्या नसा पडद्यावर दिसतात. बारकं बघायचं तर केस मध्ये येतात, म्हणून आधी पायावरचा छोटा चौकोन वस्तऱ्याने भादरायचा. त्यामुळे आळंदमधल्या प्रत्येक घोड्याच्या पायाला एक खिडकी आहे. घोडी मिळेनात, तेव्हा त्यांनी तो तुकडा कुत्र्यावर, लाल भोपळ्यावर आणि तुमच्या आजोबांच्या पोटरीवरही फिरवला. "वहिनी, ह्यांच्या पोटरीत काहीच दिसत न्हाई," ते चिंतेने म्हणाले. मी म्हटलं, "आळस दिसतो का बघा."

सोनोग्राफी म्हटलं की दवाखान्याच्या भिंतीवर जी पाटी लावावी लागते, ती भावजींनी स्कूटरच्या पुढच्या बाजूला लावली आहे. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही." आमचं गाव कर्नाटकात, म्हणून आधी कन्नडमध्ये आणि खाली मराठीत.

"भावजी, घोड्याच्या पायात कुठला आला गर्भ?"

"वहिनी, मशीन ते मशीन. उद्या कुणी इचारलं तर?"

विचारतात, आणि भलतंच विचारतात. एकदा पार औराद तालुक्यातल्या चिंताकीला एका शेतकऱ्याच्या घोड्याचा पाय बघायला ते बसने निघाले. यंत्र माझ्या जावेच्या जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेलं. एका बाईने उठून जागा दिली, "बसा अप्पा, लेकरू झोपलंय." हे बसले. लेकराला थोपटलंही, असं ते स्वतःच सांगतात. चिंताकीत यंत्र उघडताच सगळी गल्ली जमली, आणि एका म्हातारीने तोंडाला पदर लावून हळूच विचारलं, "कितवा चालू हाय?"

"मावशी, हा घोडा हाय. नर."

"आसंल बाबा," म्हातारी म्हणाली, "पर आजकाल काय बी व्हायलंय."

ह्या सगळ्या वेडांवर कळस म्हणजे त्यांचा नियम. दुखरा पाय ते कधीच आधी बघत नाहीत. आधी चांगला पाय. दोन घोडी सारखी नसतात, म्हणून ह्या घोड्याची धड नस कशी दिसते ते आधी त्याच्याच चांगल्या पायात बघायचं, मग दुखऱ्याकडे वळायचं, असं त्यामागचं शास्त्र आहे आणि ते बरोबरच आहे. पण भावजी ते शास्त्र घोड्याजवळ सोडून येत नाहीत. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा मी त्यांना बोलावलं. ते आमच्या स्वयंपाकघरात न येता थेट शेजारच्या अक्कांकडे गेले, त्यांचा चालू मिक्सर त्यांना लावायला सांगितला आणि शेंगदाण्याची चटणी होईपर्यंत कान देऊन ऐकत उभे राहिले. मग वाटीभर चटणी घेऊन आमच्याकडे आले, आमचा मिक्सर बघितला आणि निदान केलं, "वहिनी, तुमचा बंद हाय."

तर बाळांनो, ही झाली ओळख. आता शबनमची गोष्ट.

शबनम ही बाशूभाईंची वरातीची घोडी. पांढरीशुभ्र, पापण्यासुद्धा पांढऱ्या. जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, आणि बाशूभाईंनी तिला म्हशीच्या दुधाची बाटली तोंडात धरून वाढवलं. ती मोठी होऊन वरातीत नाचायला लागली. शिकवलं कुणी नाही. बँडवाल्याने क्लॅरिनेट वर चढवलं की ही पुढचे पाय एकेक करून उचलायची, मान डोलवायची, आणि वर बसलेला नवरदेव जीव मुठीत धरून हसायचा. आळंदमध्ये गेल्या कितीतरी वर्षांत जो जो बोहल्यावर चढला, तो आधी शबनमवर चढला.

एका वरातीत फटाक्याला बिचकून ती नालीत घसरली आणि लंगडू लागली. भावजी तेव्हा मुलीकडे हैदराबादला गेलेले. गावात डॉक्टर नाही म्हटल्यावर गावच डॉक्टर झालं. सगळ्यांनी तिला चालवून पाहिलं. पुढचा डावा पाय टेकताना तिची मान खाली जाते, हे लहान मुलालाही दिसत होतं. तेव्हा दुखणं डाव्या पायात, हे एकमताने ठरलं. डाव्या पायाला बिब्ब्याचं तेल चोळलं. बिब्बा कातडीला काय करतो ते तुमच्या आईला विचारा. लहानपणी तिच्या हाताला लागला होता. शबनमचा पाय उखळासारखा सुजला. मग ती त्याही पायाने लंगडू लागली, आणि गावाची खात्रीच पटली. शेवटी ठरलं की बाजाराच्या दिवशी डाग द्यायचा. म्हणजे लोखंडाची सळई लाल करून दुखऱ्या पायावर टेकवायची. इकडे हा जुना इलाज आहे. आतलं दुखणं आगीने बाहेर पडतं, असं म्हणतात.

भावजी नेमके बाजाराच्या दिवशी सकाळी हैदराबादहून आले, ऐकलं, आणि चप्पल न काढता माझ्या स्वयंपाकघरात शिरले.

"वहिनी, जवस हाय का घरात?"

"आहे. कशाला?"

"जेली संपली. कातडीवर काही बुळबुळीत लावल्याबिगर मशीनला दिसत न्हाई."

मी डबा काढेपर्यंत ह्यांनी शेगडीवर पातेलं चढवलं होतं. माझं दुधाचं पातेलं! त्यात जवस उकळून त्याचा बुळबुळीत काढा केला, पातेलं स्कूटरच्या हँडलला अडकवलं आणि निघाले. माझ्या घरात दुधाच्या पातेल्यात दुधाखेरीज काही पडलेलं नाही. मी रिक्षा करून पातेल्यामागे गेले, आणि म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

बाशूभाईंच्या अंगणात निखारे फुललेले होते. डाग देणारा म्हातारा पटका बांधून निखाऱ्यांत सळई फिरवत होता. अंगणात अर्धा बाजार उभा होता.

"डाग मग," भावजी म्हणाले. "आधी मला बघू द्या."

"अब काय बघता डाक्टरसाब?" बाशूभाईंचा आवाज बसलेला होता. "दोन रोज झाले, चारा नक्को म्हणायली. डाग देऊन सुधरली तर सुधरली. न्हाई तर व्यापारी बघून गेलाय, त्याला द्यायची." हे बोलताना त्यांनी घोडीकडे पाठ केली होती, जणू तिला ऐकू जाऊ नये.

भावजींनी तिचा सुजलेला पाय पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डावाच हाय. आंधळ्याला बी दिसंल." सगळ्या बाजाराने माना डोलवल्या. भावजी आणि बाजार ह्यांचं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते उजव्या पायाशी जाऊन बसले.

"ओ डाक्टर, पाय चुकला!"

"म्हाईत हाय. आधी चांगला पाय."

"चांगल्यात काय बघायलाव?"

"चांगलं कसं असतंय ते."

म्हातारा वैतागला. "आरं, माझं लोखंड तापलंय की!" भावजींनी निवांत वस्तरा काढला, उजव्या पायाला खिडकी पाडली आणि वर जवस चोपडला. शबनमने मान वाकवून तो चाटून टाकला. दोन दिवस उपाशी असलेल्या घोडीला माझा जवस आवडला. भावजींनी परत लावला, तिने परत चाटला. लोक हसायला लागले. शेवटी बाशूभाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ती उभी राहिली.

भावजी पडद्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी अतिशय हळू आवाजात विचारलं, "वहिनी, ह्यो कुठला पाय हाय?"

"उजवा."

"माझा उजवा का घोडीचा?"

"घोडीचा, भावजी."

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. धड नस पडद्यावर विंचरलेल्या पांढऱ्या केसांसारखी दिसते, एकाला एक चिकटून सरळ गेलेल्या रेघा. शबनमच्या उजव्या पायात त्या रेघा मध्येच तुटल्या होत्या आणि तिथे एक काळा खळगा होता. मग त्यांनी डावा पाय बघितला. वरची कातडी सुजलेली, पण आतल्या रेघा एकूण एक जागच्या जागी.

"दुखरा पाय टेकताना घोडं मान वर उचलतंय, भार कमी पडावा म्हणून," ते उभे राहून सगळ्यांना सांगू लागले. "चांगला टेकला की मान खाली सोडतंय. मान डाव्यावर खाली जायली म्हणजे डावा चांगला! बिब्बा चांगल्या पायाला लावलाव तुमी. डाग बी चांगल्यालाच देणार होताव."  मग भावजींनी स्वतःकडे बोट केलं. "मी बी सूज बघून डावाच म्हणलो. माझं डोकं चुकलं. हात सवयीनं उजवीकडं गेला, म्हणून वाचली."

म्हातारा म्हणाला, "मग आता उजवा डागू का? लोखंड वाया जायलंय."

पण सगळे बाशूभाईंकडे बघत होते. भावजी सांगत होते की डाग नको, औषध थोडं, विश्रांती फार. लग्नाचा हा अख्खा हंगाम नाही. गोठ्यात उभं राहायचं, मग हाताने धरून चालायचं, आणि मग बघू.

"वापस नाचेल?" बाशूभाईंनी विचारलं.

"ते सांगत न्हाई. चालंल. घाई केलाव तर चालणार बी न्हाई."

हंगाम म्हणजे त्या घराची वर्षाची भाकरी, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाशूभाईंनी घोडीच्या मानेवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी भिंतीच्या खुंटीवरची जरीची झूल उतरवली, घडी केली, घरात नेली आणि ट्रंकेचं झाकण लागल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हाताऱ्याला म्हणाले, "चच्चा, चहा घेऊन जावा." त्याच निखाऱ्यांवर चहा झाला. मला माझं पातेलं मिळालं, घोडीने आतून चाटून लख्ख केलेलं. ते मी आता जवसालाच ठेवलंय.

बाशूभाई त्या हंगामात भावाची ऑटो घेऊन बाजारातली तूर वाहू लागले, आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. त्यांचं घर वरातीच्या रस्त्यावर. रोज कुणाचा तरी बँड दारावरून जायचा, आणि बँड ऐकला की पेशंट गोठ्यात नाचायचा. भावजी रस्त्यात हात पसरून उभे राहू लागले. "अण्णा, बंद करा! आत पेशंट हाय!" त्यांचा मान मोठा, म्हणून बँडवाले ऐकत. पिपाण्या काखेत मारून सगळी वरात बाशूभाईंच्या दारावरून पाय न वाजवता जायची. पाहुणी मंडळी परगावची. एकदा एका नवरदेवाने ह्या घरात मयत झाली असं समजून बाशिंगासकट हात जोडले, आणि त्याच्या दोन मावश्या बाशूभाईंच्या आईच्या गळ्यात पडून थोड्या रडूनही गेल्या. मी मग शबनमच्या कानांसाठी लाल लोकरीच्या दोन टोप्या विणून दिल्या. बँड तिला तरीही ऐकू येत असावा. पण टोप्या घालून ती फार शांत उभी राहायची. आपल्याला कसं दिसतंय ह्याच विचारात असेल.

भावजी मध्ये मध्ये जाऊन तो खळगा बघत. हंगाम सरला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर पुन्हा बघायचं ठरलं तेव्हा त्यांनी मलाही नेलं. त्यांचा हात आता थरथरतो, हे मला त्या दिवशी दिसलं. पडद्यावरचं चित्र हलत होतं. ते परत परत तुकडा पायावर टेकवत होते. बाशूभाईंनी खाली बसून भावजींच्या कोपराखाली आपला तळहात धरला. चित्र थांबलं. खळगा भरला होता. रेघा पूर्वीसारख्या विंचरलेल्या नव्हत्या, जरा दाट, जरा वाकड्या, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होत्या.

पहिल्या वरातीसाठी नवरदेव भावजींनीच निवडला. त्या महिन्यात लग्न असलेल्या सगळ्या मुलांना त्यांनी लांबून चालताना पाहिलं आणि सगळ्यांत किडकिडीत मुलाच्या घरी जाऊन सांगितलं, "घोडी देतो. पण लग्नापर्यंत जेवण वाढवायचं न्हाई." मुलाच्या मामांना राग आला. मुलाला मात्र शबनमच हवी होती. बँडने दोन गल्ल्या मागून चालायचं, आणि तिने मध्येच क्लॅरिनेट ऐकून पाय उचलला तर भावजींनी नुसतं "हं" म्हणायचं, असं ठरलं. वरात आमच्या दारावरून गेली तेव्हा सगळे नवरदेवाला बघत होते, आणि भावजी लगाम धरलेल्या बाशूभाईंच्या पलीकडून, मान खाली घालून, तिच्या पावलांबरोबर चालत होते. तिने एकदाच पाय उचलला. त्यांना "हं" म्हणायची वेळ आली नाही. तिने तो हवेत जरा धरला आणि आपणच अलगद खाली ठेवला.

मांडवात अक्षता पडल्यावर मी घरी येऊन गच्चीवर वाळत घातलेली तूरडाळ गोळा करत होते. खालचा रस्ता मोकळा होता. तिघं परत येत होती. बाशूभाईंनी झूल स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, घोडीच्या अंगावर काही नव्हतं, आणि भावजींनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला होता. फार हळू चालत होती तिघं. मध्येच थांबायची, पुन्हा निघायची. कोण कुणासाठी थांबतंय, हे मला वरून सांगता येईना. वळणापर्यंत ती तिघं जाईतोवर मी डाळीने भरलेलं सूप हातात धरून तशीच उभी होते.